कुत्र्याचा ताप आणि भिंतीची भेग

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुन्या लोकांचें बोरीबंदर, येथून हार्बरच्या गाडीनें निघालें कीं डॉकयार्ड रोड मागें पडतांच रे रोडचें स्थानक लागतें. १९१० सालीं कुर्ल्याहून हा लोहमार्ग प्रथम आला तो येथपर्यंतच. १९२५ च्या फेब्रुवारींत बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची गाडी धांवूं लागली. तोंपर्यंत मार्गाचें शेवटचें टोंक होण्याचा मान रे रोडचा होता. स्थानकाच्या पूर्वेस बंदराचा मुलूख पसरलेला आहे. तेथील दारूखाना हें नांव बंदुकीच्या दारूच्या कोठाराची आठवण देतें. पुढें त्याच किनाऱ्यावर जुन्या आगबोटी मोडण्याचा धंदा वाढला, आणि लोखंडाचें भंगार, लाकडाच्या वखारी व मालाचीं गोदामें यांनीं तो भाग गजबजून गेला.

जेथें गोदाम आलें तेथें पहारेकरी आला, आणि पहारेकऱ्याच्या पाठोपाठ कुत्राहि आलाच. त्यास कोणी पाळलेला नसतो आणि कोणी हांकललेलाहि नसतो. रात्रीं तो अनोळखी पावलावर भुंकतो; दिवसा मोटारीच्या खालीं, फळ्यांच्या ढिगाच्या सावलींत अंग टाकून पडतो. भाकरीचा एक तुकडा हेंच त्याचें वेतन. असा कुत्रा एखादे दिवशीं उठत नाहीं. पुढें टाकलेल्या घांसास तोंड लावीत नाहीं. हिरड्या पांढऱ्या फटक पडतात, कधीं नाकांतून रक्त गळतें, कधीं लघवी कॉफीसारखी काळपट होते. लोक म्हणतात, ऊन लागलें. कोणी म्हणतो, कोणीं तरी विष घातलें असेल. चार-सहा दिवसांत कुत्रा मरतो आणि त्याच्या जागीं दुसरा येतो. त्याच्या कानाच्या पाळींत वाटाण्यायेवढ्या फुगलेल्या करड्या गोचिडी लटकत होत्या, हें पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. पण त्या गोचिडीचा आणि त्या मरणाचा कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या मनांत येत नाहीं.

तो संबंध माणसास केव्हां आणि कसा कळला, याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्या इतिहासाचे कांहीं धागे रे रोडच्या हांकेच्या अंतरावर, परळास, गुंतलेले आहेत.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, मुंबई शहरानें कुत्र्याकडे फार काळपर्यंत एकाच दृष्टीनें पाहिलें. कुत्रा म्हणजे पिसाळण्याचें भय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वर्षांतील ठराविक दिवसांत मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम असे, आणि मारणारास दर कुत्र्यामागें बक्षीस मिळे. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली. पारशी समाजांत कुत्रा हें पवित्र जनावर. अंत्यविधींत देखील त्यास स्थान आहे. त्या वर्षीं ६ जून रोजीं कुत्रे मारणाऱ्या शिपायांवर लोक चालून गेले, दुकानें बंद झालीं, आणि गोऱ्या पलटणीकडे जाणारी अन्नसामुग्रीहि अडविण्यांत आली. सरकारास लष्कर बाहेर काढावें लागलें. मुंबईच्या इतिहासांत ही घटना 'कुत्र्यांचा दंगा' म्हणून नमूद आहे. दंगा मोडला, कित्येकांस शिक्षा झाल्या. पण कुत्रा मारावा कीं राखावा, एवढ्याच प्रश्नाभोंवतीं तो सारा वाद फिरला. कुत्रा आजारी पडतो, त्यालाहि ताप येतो, तो बरा करतां येईल, हा विचार त्या वादांत कोणत्याच बाजूस नव्हता.

पुढें पाश्चरची लस निघाली तरी दृष्टि तीच राहिली. हिंदुस्थानांतील पहिली पाश्चर संस्था १९०० सालीं कसौलीस स्थापन झाली, तेव्हां पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुंबईकराला त्या दूरच्या डोंगरापर्यंत आगगाडीचा प्रवास करावा लागे. कालांतरानें हे उपचार परळच्या हाफकिन संस्थेंत मिळूं लागले. हें सर्व आवश्यक होतें. त्यानें असंख्य माणसांचे प्राण वांचले. परंतु त्यांत कुत्रा हा माणसाच्या रोगाचें केवळ निमित्त होता. कुत्र्याच्या स्वतःच्या दुखण्याकडे पाहण्यास निराळी माणसें आणि निराळी संस्था लागणार होती.

ती संस्था परळास उभी राहिली. जनावरांचा छळ थांबविण्यासाठीं मुंबईंत १८७४ सालीं एक मंडळी स्थापन झाली होती. तिच्या कार्यांतून, आणि गिरण्यांच्या धंद्यांत नांव मिळविलेले दानशूर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगींतून, त्यांच्या पत्नीच्या नांवें 'बाई साकरबाई दिनशा पेटिट' हें जनावरांचें इस्पितळ १८८० नंतरच्या कांहीं वर्षांतच निघालें. परळ-लालबागच्या लोकांनीं हें लांबलचक नांव कधीं उच्चारलें नाहीं. ट्रॅमचे घोडे आणि खटाऱ्यांचे बैल तेथें येत, म्हणून त्यांनीं त्यास 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हटलें, आणि तें नांव आजतागायत चालत आहे. बैल आणि घोडा हीं कमावतीं जनावरें. त्यांच्या आजारानें धन्याचा रोजगार बुडे. कुत्र्याचें नांव त्या पाटीवर आलें नाहीं, यांत नवल नाहीं. पण दार उघडलें होतें, आणि त्या दारांतून कुत्राहि आंत आला.

याच इस्पितळाच्या आवारांत २ ऑगस्ट १८८६ रोजीं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे हे होते. १८८५ पासून १८९० पर्यंत त्यांनीं हा अधिकार चालविला, आणि रे रोड हें नांव त्यांचेंच. म्हणजे ज्या रस्त्यावर आज तो बिनधन्याचा कुत्रा पडून असतो त्या रस्त्याचें नांव, आणि ज्या विद्यालयांत त्याच्या रोगाचें शास्त्र शिकविलें जातें त्याचा आरंभ, हीं दोन्हीं एकाच गव्हर्नराच्या कारकीर्दीशीं बांधलेलीं आहेत.

महाविद्यालयाचे पहिले मुख्याध्यापक जॉन हेन्री स्टील हे होते. हे गृहस्थ मोठे उद्योगी. मद्रासेस असतांना त्यांनीं पशुवैद्यकावरील एक त्रैमासिक काढलें होतें. ब्रह्मदेशांत लष्कराच्या खेंचरांमध्यें 'सरा' नांवाचा रोग पसरला तेव्हां त्या जनावरांच्या रक्ताची सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्यांनीं तपासणी केली होती. रक्ताचा थेंब कांचेवर घेऊन पाहण्याची संवय लागलेला असा मनुष्य परळास आला, हें विद्यालयाचें भाग्यच म्हटलें पाहिजे. १८८८ सालीं त्यांनीं कुत्र्यांच्या रोगांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९१ सालीं त्यांचा अंत झाला.

येथें इतिहासाची एक हळहळ लावणारी गोष्ट दिसते. स्टील यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, म्हणजे १८८८ सालीं, रुमानियांत व्हिक्टर बाबेश या शास्त्रज्ञानें आजारी गुरांच्या तांबड्या रक्तकणांच्या आंत सूक्ष्म जीव पाहिले. परंतु ते जीव एका जनावरांतून दुसऱ्यांत कसे जातात, हें कोणास ठाऊक नव्हतें. त्याचें उत्तर १८९३ सालीं अमेरिकेंत मिळालें. टेक्सासकडील गुरें ज्या कुरणांतून जात तेथील उत्तरेकडचीं गुरें तापानें पटापट मरत. स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनीं कित्येक उन्हाळे प्रयोग करून दाखविलें कीं, हा ताप हवेंतून किंवा चाऱ्यांतून येत नसून गोचिडीच्या चाव्यांतून येतो. एका प्राण्याचा रोग दुसऱ्या क्षुद्र प्राण्याच्या दंशानें पसरतो, हें अशा निर्विवाद रीतीनें प्रथमच सिद्ध झालें. डांस आणि हिंवताप यांचा संबंध सिद्ध होण्यास अजून चार वर्षें अवकाश होता. तेव्हां कुत्र्यांवरील मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या परळच्या त्या विद्वानास गोचीड हीच रोगाची वाहक आहे, हें कळण्याचा मार्गच खुला नव्हता. ज्ञान पांच वर्षें उशीरां आलें, आणि स्टील दोन वर्षें आधीं गेले.

त्यानंतर शोध भराभर लागले. १८९५ सालीं इटलींत पियाना आणि गाल्ली-व्हॅलेरियो यांना शिकारी कुत्र्याच्या रक्तकणांत तसेच जीव आढळले. १९०१ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंतील केप वसाहतींत चार्ल्स लॉन्सबरी यांनीं दाखविलें कीं, कुत्र्याचा हा ताप तिकडील एका जातीची गोचीड पसरविते. इतकेंच नव्हे, तर आजारी कुत्र्याचें रक्त प्यालेल्या मादीच्या अंड्यांतून निपजलेली संतति मोठी झाल्यावर निरोगी कुत्र्यास तो देते. आईनें प्यालेल्या रक्तांतला रोग लेकीच्या दंशांत उतरतो, हें ऐकून त्या काळीं विद्वानांनींहि तोंडांत बोट घातलें असेल.

याच सुमारास मुंबई निराळ्याच रीतीनें हाच धडा शिकत होती. १८९६ सालच्या सप्टेंबरांत गोदीजवळच्या मांडवींत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढें वर्षानुवर्षें शहरांत प्रेतांची रांग लागली. आरंभीं लोकांच्या घरांत शिरून सामान जाळलें, भिंतींवर औषधी पाणी मारलें, माणसांस ओढून छावण्यांत नेलें. पण रोग हटेना. १८९८ सालीं कराचीस पॉल-लुई सिमाँ यांनीं उंदराच्या अंगावरील पिसू हीच प्लेगची वाहक असल्याचें दाखविलें. त्यावर प्रारंभीं कोणाचा विश्वास बसेना. पुढें १९०५ पासून प्लेगच्या संशोधनासाठीं नेमलेल्या मंडळींनीं परळास लहान लहान कोठड्या बांधून गिनीपिगांवर प्रयोग केले. जमिनीवर मोकळे सोडलेले प्राणी रोगानें मरत. पिसवा उडी मारून पोंचूं शकणार नाहींत इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले वांचत. तेव्हां शहराला कळलें कीं, रोग्याच्या अंगाइतकेंच त्याच्या घराच्या जमिनीकडे आणि भिंतीकडे पाहिलें पाहिजे.

ज्या परळांत उंदीर आणि पिसू यांचें हें कोडें सुटलें, त्याच परळांत कुत्र्यांचा दवाखाना होता. पण गोचिडीचें कोडें हिंदुस्थानांत सुटलें तें मद्रासेकडे. तेथें गिंडी येथील किंग संस्थेंत काम करणारे क्रिस्टोफर्स यांनीं १९०७ सालीं कुत्र्याच्या त्या रक्तजंतूचा गोचिडीच्या शरीरांतील प्रवास वर्णिला. त्यांनीं ज्यावर काम केलें ती आपल्याकडे घरोघरच्या कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड. तिच्यामार्फत पसरणाऱ्या त्या जंतूस आतां 'बॅबेसिया व्होगेली' असें नांव आहे. त्याआधीं १९०५ सालीं बेंटली आणि जेम्स यांनीं कुत्र्याच्या पांढऱ्या रक्तपेशींत वस्ती करणारा एक निराळाच जीव पाहिला होता. त्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. तो गोचिडीच्या चाव्यानें येत नाहीं. अंग चाटतां चाटतां कुत्रा गोचीड गिळतो, आणि त्या गिळलेल्या गोचिडींतून जंतु त्याच्या आंतड्यांत उतरतो. १९१० सालीं पॅटन यांनीं मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या कळपांत आणि कोल्ह्यांत तिसरा, अधिक लहान जंतु शोधला. तो आज 'बॅबेसिया गिब्सोनी' म्हणून जगभर ओळखला जातो. हिंदुस्थानच्या भूमीवर, पांच वर्षांच्या आंत, कुत्र्याच्या रक्ताचें असें मोठें प्रकरण लिहिलें गेलें.

औषधाचा पहिला मान मात्र एका रंगाकडे जातो. १९०९ सालीं केंब्रिज येथें नटल आणि हॅडवेन यांनीं 'ट्रिपान ब्ल्यू' नांवाचा कापडाचा निळा रंग आजारी कुत्र्याच्या शिरेंत टोंचला, आणि मरणाच्या दारीं असलेले कुत्रे उठून बसले. कुत्र्याच्या अंगास निळसर झांक येई, पण जीव वांचे. पुढें अधिक चांगलीं औषधें निघालीं. तरीहि मद्रासेंत सांपडलेला तो लहान जंतु या सर्वांना फारसा जुमानीत नसे, आणि आजहि तो रक्तांतून समूळ घालविणें पशुवैद्यांना कठीण जातें.

नाकांतून रक्त गळणाऱ्या कुत्र्याचें कोडें यानंतर उलगडलें. १९३५ सालीं अल्जीरियाच्या पाश्चर संस्थेंत दोनातियें आणि लेस्तोकार या दोघांनीं, गोचिडींनीं भरलेल्या कांहीं कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत जंतूंचे झुपकेच्या झुपके पाहिले. पुढें पॉल एर्लिख या थोर संशोधकाच्या नांवावरून या जंतूस 'एर्लिकिया' हें नांव मिळालें. १९४४ सालीं मुदलियार यांनीं मद्रासकडील कुत्र्यांत हाच रोग नोंदविला. तरी जगाचें लक्ष त्याकडे गेलें तें व्हिएतनामच्या युद्धांत. १९६८ ते १९७० या काळांत अमेरिकन सैन्याचे पहाऱ्याचे आणि माग काढणारे उमदे कुत्रे रक्तस्राव होऊन मोठ्या संख्येनें मेले. रे रोडच्या गोदामावरचा पहारेकरी कुत्रा आणि ते शिकविलेले लष्करी कुत्रे एकाच दुखण्यानें जातात, हें तेव्हां उघड झालें. आणि टेट्रासायक्लिनच्या वर्गांतलीं औषधें वेळेवर दिलीं तर तें दुखणें बरें होतें, हेंहि.

आतां त्या वाहकाकडे, म्हणजे तपकिरी गोचिडीकडे वळूं. रानांतल्या पुष्कळ गोचिडी गवतावर आणि झुडुपांवर वाट पाहत बसतात. ही मात्र बांधलेल्या घराची रहिवासी आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि सरपटत भिंतीकडे जाते. तिची धांव वरच्या दिशेला असते. दगडी भिंतीच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागें, फळ्यांच्या चळतींत ती हजारों अंडीं घालते, कधीं कधीं चार हजारांपर्यंत, आणि तेथेंच मरते. त्यांतून सहा पायांचीं बारीक पिलें निघतात. तीं कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, पुनः खालीं उतरतात, कात टाकतात आणि आठ पायांचीं होतात; पुनः चढतात, पुनः उतरतात; मोठीं झाल्यावर तिसऱ्यानें चढतात. असें आयुष्यांत तीनदां भोजन, आणि मध्यंतरीचा सर्व काळ भिंतींत. उष्ण हवेंत हें सारें चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरें होतें. कुत्रा मिळाला नाहीं तर मोठी गोचीड महिनेच्या महिने उपाशी राहूं शकते.

या एका गोष्टींत सर्व इतिहासाचें सार आहे. कोणत्याहि क्षणीं कुत्र्याच्या अंगावर जितक्या गोचिडी दिसतात, त्याहून कितीतरी अधिक, अंडीं, पिलें आणि कात टाकणाऱ्या अशा रूपांत, त्याच्या निजण्याच्या जागेभोंवतीं असतात. जो मनुष्य कुत्र्याच्या अंगावरच्या वीस गोचिडी वेंचून समाधान मानतो, तो समुद्रांतून ओंजळभर पाणी काढून समुद्र आटला असें मानणारासारखा आहे. आणि एक कुत्रा मेल्यावर दुसरा त्याच सावलींत येऊन बसतो, तेव्हां तो पहिल्याच्या मरणाच्या कारणावरच येऊन बसतो. गोचीड त्याची वाट पाहत भिंतींत थांबलेली असते. प्लेगच्या काळीं परळानें जें शिकलें होतें, तेंच येथेंहि खरें आहे: रोगाचें घर रोग्याच्या बाहेर असतें.

जुनीं गोदामें, दगडी भिंती, वर्षानुवर्षें न हललेल्या लाकडांच्या चळती, यांचा बंदरलगतचा मुलूख म्हणजे तपकिरी गोचिडीला बांधून दिलेला वाडाच. तेव्हां उपाय दोन्हीं ठिकाणीं हवा. गोचीड मारणारीं चांगलीं औषधें आज उपलब्ध आहेत. २०१३ नंतर तर एका गोळीनें कित्येक आठवडे कुत्र्याचें रक्षण करणारीं औषधें निघालीं आहेत. पण तीं कुत्र्यासाठीं केलेलींच असलीं पाहिजेत, आणि पशुवैद्यानें वजन पाहून सांगितलेल्या मात्रेनेंच दिलीं पाहिजेत. गुरांसाठीं आणलेलें उग्र औषध कुत्र्यावर ओतणें किंवा त्याच्या अंगास रॉकेल चोपडणें हे घातक प्रकार आहेत. त्यानें गोचिडीआधीं कुत्रा जाण्याचा संभव असतो. भिंतीच्या भेगा चुन्या-सिमेंटानें बुजविणें, कुत्रा निजतो तेथील पोतें वरचेवर उकळत्या पाण्यांत टाकणें, अडगळ हलवून जागा झाडणें, हीं कामें स्वस्त आहेत, आणि औषधाचा अर्धा भार तीं वाहतात.

दुसरी गोष्ट काळाची. एर्लिकियाचा रोग तीन पायऱ्यांनीं चालतो. प्रथम ताप, मांद्य, गांठी सुजणें; हें दोन-चार आठवड्यांत आपोआप ओसरल्यासारखें दिसतें. मग महिनेच्या महिने, कधीं वर्षें, कुत्रा धडधाकट भासतो, आणि जंतु आंत राहतो. शेवटीं एखाद्याच्या हाडांतील मगज रक्त तयार करण्याचें काम सोडतो, आणि तेव्हां औषध सहसा उपयोगी पडत नाहीं. म्हणून पहिल्या पायरीवरच कुत्र्यास दवाखान्यांत नेलें पाहिजे. तेथें रक्ताचा थेंब कांचपट्टीवर तपासतात. आतां त्याच्या जोडीस जलद परीक्षाहि निघाल्या आहेत. डॉक्सीसायक्लिनसारखें औषध साधारण चार आठवडे द्यावें लागतें. पण दोन-तीन दिवसांतच कुत्रा शेंपूट हलवूं लागतो, आणि त्यास खाऊं घालणारा प्रेमळ मनुष्य औषध थांबवितो. रोगापेक्षां हा उतावीळपणाच पुष्कळ कुत्र्यांस मारतो. देशी कुत्रा तर रक्तांत जंतु बाळगूनहि वरून निरोगी दिसतो, आणि गोचिडींच्या मार्फत तो रोग शेजारच्या बंगल्यांतील विलायती जातीच्या कुत्र्यापर्यंत पोंचतो. रोगाच्या लेखीं धनी असलेला आणि नसलेला असा भेद नाहीं.

माणसाचाहि यांत संबंध आहे. १९१७ सालीं मेगॉ यांनीं कुमाऊंच्या डोंगरांत गोचीड चावल्यानंतर आलेल्या, अंगावर ठिपके उठणाऱ्या तापाचें वर्णन केलें. तशा जातीचा ताप कुत्र्यावरील तपकिरी गोचीड माणसास देऊं शकते. म्हणून गोचीड नखांनीं चिरडूं नये. बारीक चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, मग साबणानें हात धुवावे. कुत्र्यास हांकलून हा प्रश्न सुटत नाहीं. हांकललेल्या कुत्र्यामागें भिंतींतली उपाशी गोचीड शिल्लक राहते, आणि तिला जवळ येईल तें रक्त चालतें.

१८३२ च्या त्या दंग्यापासून शहर पुष्कळ लांब आलें आहे. २००१ सालीं केंद्र सरकारनें नियम केले कीं, मोकाट कुत्र्यांस मारूं नये. त्यांची नसबंदी करून, पिसाळरोगाची लस टोंचून, त्यांना होते त्याच जागीं परत सोडावें. २०२३ सालीं हे नियम नव्यानें लिहिले गेले. मारावा कीं राखावा, या जुन्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें दिलें. पण राखलेल्या कुत्र्यापुढें तिसरा प्रश्न उभा राहतो, तो आरोग्याचा. अनेक कुत्रे जेथें एकामागून एक ठेवले जातात, त्या कोंडवाड्याच्या भिंतींस भेगा असतील, तर जीव वांचविण्यासाठीं आणलेला कुत्रा तेथूनच मरणाचें बीज घेऊन आपल्या जागीं परततो. त्याच जागीं परत सोडावयाचा, तर ती जागा राहण्यालायक केली पाहिजे, हें ओघानेंच येतें.

सव्वाशें वर्षांपूर्वीं विद्वानांनीं मोठ्या कष्टानें जें शोधलें, तें समजण्यास आज कोणा विद्वानाची जरुरी नाहीं. गोदामाच्या पहारेकऱ्यानें सकाळीं कुत्र्याच्या कानांत, बोटांच्या मध्यें आणि गळ्याखालीं हात फिरवून पाहावें. हिरडी एकदां उचलून पाहावी. ती गुलाबी आहे कीं पांढरी, एवढें सांगण्यास शाळा लागत नाहीं. पांढरी दिसली तर परळचा दवाखाना दूर नाहीं. आणि कुत्र्यास तिकडे धाडल्यावर, तो जेथें निजत असे त्या भिंतीकडे एकदां वळून पाहावें. रात्रभर जागून ज्यानें वखार राखली, त्याच्यासाठीं एक घमेलें चुना कालविणें ही फार मोठी मजुरी नव्हे.